चोवीस गोण्या आणि सव्वाशेची वाट

त्या दिवशी सकाळपासून आभाळ दाटलं होतं. पडत मात्र काही नव्हतं. मोठ्या माणसांनी "येतो, येतो" म्हणत राहावं तसं. त्या उकाड्यात आमच्या मंडपाच्या गोदामाच्या दारात रुक्मिणबाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ताटं धुणारी आमची बाई. संध्याकाळपर्यंत हरवलेली ताटं सापडली नाहीत, तर उद्यापासून तिला काम नाही, असा हुकूम होता.

त्याचं सांगतोच. पण आधी आमची मोजणी कळायला पाहिजे. गोदामात किस्से धुळीसारखे साचतात, एक झटकला की चार उडतात.

शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. थोरल्या मालकांनी एवढंच शिकवलं की एका गोणीत सव्वाशे ताटं. मग सव्वाशे, अडीचशे, पावणेचारशे, पाचशे. पुढं सव्वासहाशे, साडेसातशे, पावणेनऊशे, हजार. सव्वा, साडे, पावणे, पुरं. पुन्हा सव्वा, साडे, पावणे, पुरं. अडीच म्हणजे साडेदोनच, पण तसं म्हटलं की शिकलेले हसतात. आठ गोण्यांना हजार. या वाटेवर दुसरं गाव लागत नाही.

* * *

आमच्यात दर हजाराला एक चहा. टेम्पोवाला सलीम एकदा सहाव्या गोणीनंतर सातवी उचलत ओरडला, "हजार हो गया, चाचा."

मी म्हणलं, "साडेसातशे झाले, बाबा. पावणेनऊशे कुठं गेलं?"

"वो चाय के बाद आता."

* * *

खुलताबादचे एक पाटील लेकीच्या लग्नाला अकराशे ताटं मागायला आले. म्हणलं, "आठ गोण्यांचे हजार, नऊ गोण्यांचे सव्वाअकराशे. अकराशे आमच्याकडं पिकत नाय."

"वरच्या पंचवीस ताटांत जेवणार कोण?"

"तुम्ही ज्यांना बोलावलं नाय ते."

पाटलांना राग आला. तरी नऊ गोण्या नेल्या. परत आले तेव्हा एवढंच म्हणाले, "दहा न्यायला पाहिजे होत्या."

* * *

क्रांती चौकाजवळ एका पुढाऱ्याचं स्नेहभोजन होतं. आम्ही तीनच गोण्या सोडल्या. त्यांचा कार्यकर्ता मोबाईल घेऊन आला. "काका, दोन हजार लोकं जेवले ना?"

"ताटं पावणेचारशेच खरकटी झाली, साहेब."

तो जरा विचारात पडला. मोठा हुशार माणूस. म्हणाला, "मग लवकर धुऊन टाका."

* * *

आता रुक्मिणबाईचं.

थोरले मालक घरी बसले आणि त्यांचा मुलगा वैभवशेठ पुण्याहून शिकून आला. पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "काका, आता तोंडी मोजायचं नाही. ॲप आहे."

म्हणलं, बरं. आमच्या तोंडाला तेवढीच सुट्टी.

बजाजनगरच्या लग्नाला चोवीस गोण्या गेल्या. मी जाताना बोललो होतो, तीन हजार. परत आल्यावर रुक्मिणबाईनं ताटं धुतली, पुसली, गोण्या भरून तोंडं शिवली. वैभवशेठनं मोबाईलवर बोट फिरवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"दोन हजार आठशे ऐंशी. एकशेवीस ताटं गेली. धुणाऱ्याशिवाय हात कुणाचा लागलाय?"

रुक्मिणबाई म्हणाली, "शेठ, एकशेवीस ताटं मी लुगड्यात नेली व्हय? वाजली नसती का?"

ॲपला वाजलेलं ऐकू येत नाही. म्हणून तिला दारात बसवलं.

मला तो आकडाच गोड लागेना. तिन्हीसांजेला हळूच गेलो. "शेठ, गोण्या किती आल्या?"

"चोवीस."

"सगळ्या शिवलेल्या?"

"हो."

"मग हे ऐंशी कुठून आलं? पावणेएकोणतीसशे झाले की पुढचं ठेसन तीन हजार. मधी गाडी थांबत नाय."

"काका, कॉम्प्युटर चुकत नसतो."

"नसंल. पण त्याला गोणीत किती म्हणून सांगितलं तुम्ही?"

"दहा डझन. भांडी डझनातच मोजतात सगळीकडे."

मी उठलो. एक गोणी उसवून त्याच्यापुढं ठेवली. त्यानं मोजली. मग पुन्हा मोजली, शिकलेला माणूस. सव्वाशे.

वैभवशेठ मोबाईलकडं बघत म्हणाला, "ॲपमध्ये बग आहे."

रुक्मिणबाई पिशवी उचलून उठली. "मग त्याला बी बसवा की दिवसभर दारात." आणि उसवलेली गोणी शिवायला आत गेली.

घरी आलो. शेजारचे जोशीसाहेब ओट्यावर वारा घेत बसले होते. जन्मभर कचेरीत आकडेमोड केलेला माणूस. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "बरं झालं तुम्ही शाळेत गेला नाहीत. नाहीतर त्या बाईचं काम गेलं असतं."