पाण्याच्या डिटेलवरचा पिकअप

दहावीनंतर शाळा सुटली. अठराव्या वर्षी भरती झालो. माझं गाव कुडाळजवळ. ट्रेनिंगनंतरचं पहिलं पोस्टिंग औरंगाबाद छावणी, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर. रँक क्राफ्ट्समन, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. घरापासून इतका लांब मी कधी राहिलो नव्हतो. एकच नट दोनदा तपासायचो, तरी अंथरुणावर पडल्यावर वाटायचं, राहिलाच.

हवालदार रंगनाथ काळे आमच्या गाड्यांची जबाबदारी असलेले एनसीओ. राहणार फुलंब्री. शिकवणाऱ्याला फौजेत उस्ताद म्हणतात, तसं आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. दिवाळीची माझी सुट्टी नामंजूर झाली तेव्हा ते मला स्वतःच्या घरी घेऊन गेले. वहिनींनी ज्वारीची भाकरी वाढली. उस्ताद म्हणाले, "खा रं कोकण्या. हितं मासा नाय, पर माणूस उपाशी मरत नाय." ते उपकार मी विसरलेलो नाही.

पुढच्या मार्चमध्ये अजिंठ्याच्या घाटाखाली आमचा ट्रेनिंग कॅम्प लागला. पाणी घाटावरच्या गावातून आणायचं होतं. युनिटचा टँकर वर्कशॉपमध्ये पडलेला, म्हणून एका ठेकेदाराचा पिकअप भाड्यानं घेतला. गाडी जुनी, ठेकेदार तिसरा मालक. वर हजार लिटरची टाकी. रोज दोन फेऱ्या. अशा कामावर नेमलेल्या तुकडीला फौजेत डिटेल म्हणतात; आमची वॉटर डिटेल.

चार दिवसांत त्या गाडीचं सगळं कळलं. सकाळी सेल्फ मारला की निळा धूर, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेलेल्या. मागचे स्प्रिंगचे पाटे बसलेले. हँडब्रेकची केबल ताणून सैल झालेली. उतारावर तिसरा गिअर आपोआप सुटायचा, म्हणून उस्ताद डाव्या हातानं लिव्हर दाबून धरायचे. "म्हातारीला हात धरूनच उतरवावं लागतं," म्हणायचे. जुन्या गाडीत असं असतंच. एकेक दोष सुटा पाहिला, तर गाडी उभी करावी असा एकही नव्हता. मी तेव्हा ते सुटेच पाहिले.

फौजेत गाडी हलण्याआधी फर्स्ट पॅरेड असते. पाणी, ऑइल, ब्रेक, टायर, लाइट. मेकॅनिक 'ओके' म्हणतो, मगच गाडी निघते. पाचव्या दिवशी ०६३० वाजता मी बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइल मिनिममच्या खाली होतं. बाटली आणली, लेव्हलपर्यंत भरलं. पेडल दाबून पाहिलं, कडक लागलं.

"ओके ना रं?"

"ओके, उस्ताद."

ऑइल गेलं कुठं, हे मी पाहिलं नाही. चाकं खोलायला दीड तास लागला असता. कॅम्पवर चाळीस माणसं पाण्याची वाट बघत होती, आणि 'ओके नाही' म्हणायची मला भीती वाटली.

०९१० वाजता टाकी भरून घाट उतरायला लागलो. मी उस्तादांच्या शेजारी. दोन जवान मागे, टाकीला टेकून. दुसऱ्या वळणाच्या आधी उस्तादांनी पेडल दाबलं. ते थेट फळीला टेकलं. पुन्हा दाबलं, पुन्हा टेकलं.

"ब्रेक नाय. हँडब्रेक वढ."

मी ओढला. काही लागलं नाही. त्यांनी तिसरा टाकला. स्टिअरिंगला दोन्ही हात लागत होते, गिअर सुटला. डावीकडे दरी होती. उजवीकडे कातळ.

"पाय वर घे. डोकं खाली."

एवढं बोलून त्यांनी गाडी उजवीकडे घातली. उजवी बाजू ड्रायव्हरची. साधारण तीस मीटर घासत जाऊन गाडी थांबली.

रेडिओ सेट माझ्याकडे होता.

"कॅम्प, वॉटर डिटेल. ॲक्सिडेंट. घाट, दुसरं वळण. ॲम्ब्युलन्स पाठवा. ओव्हर."

"कॅम्प, रॉजर. कॅज्युअल्टी किती? ओव्हर."

मी उस्तादांच्या मानेला हात लावून पाहिला.

"एक. ओव्हर."

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मागच्या उजव्या चाकाचा ड्रम उघडला. ब्रेकचा व्हील सिलिंडर गळत होता. ऑइल आतल्या आत मुरत होतं, बाहेरून थेंब दिसत नव्हता. मी सकाळी ऑइल भरलं होतं हे मी सांगितलं. ते लिहून घेतलं गेलं. शिक्षा झाली, ती भोगली.

त्यानंतर फुलंब्रीला गेलो. वहिनींना सगळं सांगितलं, ऑइलसकट. त्या म्हणाल्या, "त्यांना इचारायचं व्हतं तुमी, थांबू का म्हणून. थांबले असते ते."

"व्हय, वहिनी."

"जेवून जा."

मी जेवलो. ताटातलं सगळं संपवलं, मगच उठलो.

आता रिटायर होऊन वाळूजला छोटं गॅरेज चालवतो. जुने पिकअप चालवणारे गाडी दाखवायला आणतात. ब्रेक ऑइल कमी दिसलं तर मी चारही चाकं खोलतो. लोक वैतागतात. "काका, नुसतं ऑइल टाका ना, लोड थांबलाय." मी टाकत नाही. काही जण गाडी घेऊन दुसरीकडे जातात.

हवालदार रंगनाथ काळे, वय अडतीस, पाण्याच्या डिटेलवर गेले. माझा एक हात मोडला. टाकीमागच्या दोघांना खरचटलंही नाही.