छताला लागलेलं चेरीचं औषध

आमच्या बेटावर मॅन्सी ड्रेव्हरइतक्या सिरिंज कोणी हाताळल्या नाहीत, असं खुद्द मॅन्सीच सांगतो. चाळीस वर्षं त्यानं मेंढ्यांना टोचलं. मेंढी गुडघ्यांत दाबायची, सिरिंज आभाळाकडे करून हवा घालवायला एक चिळकांडी उडवायची, की खुपसली सुई. मेंढी ओरडेपर्यंत हा पुढचीच्या मागे.

मी इंगा, बेटाची टपालवाली. टपाल, कोंबड्यांचं खाद्य, औषधं, बोटीनं येईल ते घरोघर पोचवते. बातम्या फुकट. मॅन्सीची बायको रूबी हिला मार्चमध्ये अर्धांगवायू झाला. उजवा हात लुळा पडला, बोलणं संथ झालं आणि वर झटके सुरू झाले. गोळी गिळवेना, म्हणून चेरीच्या चवीचं पातळ औषध आलं. सकाळ-संध्याकाळ साडेसात मिलिलिटर, बिनसुईच्या सिरिंजनं तोंडात. ऑगस्टमध्ये एक वेळ चुकली, तर ती चुलीपाशी कोसळली आणि हेलिकॉप्टर बोलवावं लागलं. तेव्हापासून मॅन्सी तिला काडी उचलू देत नाही. एके काळी हीच बाई अख्ख्या बेटाला पुरेल एवढं चीज करायची आणि त्यातलं निथळलेलं पाणी डुकरांना पाजायची. वाया घालवणं तिच्या रक्तातच नाही.

नोव्हेंबरात वादळ आलं. शुक्रवारची बोट नाही, शनिवारची नाही, विमानही जागचं हललं नाही. नर्सनं फोनवर सांगितलं, "औषध मंगळवारी पहाटेच्या बोटीनं येईल. तोवर आहे ते पुरवा, पण एका वेळचं कमी करू नका."

सोमवारी रात्री आठ वाजता मी त्यांच्याकडे डोकावले. संध्याकाळचं औषध द्यायची वेळ झाली होती आणि मॅन्सी बाटली दिव्यासमोर धरून बसला होता.

"बुधवारपर्यंत पुरायला हवी होती गं," तो म्हणाला. "कमी भरली असणार लेकाच्यांनी."

माझं लक्ष वर गेलं. टेबलाच्या बरोब्बर वर छतावर गुलाबी ठिपकेच ठिपके.

"मॅन्सी, छताला गोवर आलाय का रे?"

त्यानं वर पाहिलं, मग हातातल्या सिरिंजकडे पाहिलं. "मग हवा काढायची नाही का?"

"अरे बाबा, बुडबुडा परत बाटलीत ढकलायचा! छताला कशाला पाजतोस?"

रूबी हसायला लागली. हल्ली तिचं तोंड एकाच बाजूनं हसतं, पण हसू पुरेपूर असतं. "मी... मेपासून..."

"दमू नकोस," मॅन्सी म्हणाला.

"मेपासून सांगतेय," तिनं वाक्य पुरं केलंच. "ऐकतोय कोण? पालथ्या घड्यावर पाणी!"

बाटली तिरकी करून त्यानं औषध ओढलं. पाचच्या रेघेपर्यंत आलं आणि पुढे नुसतीच हवा. उरलेलं काचेला चिकटलेलं आणि कोपऱ्यात साचलेलं, तिथं सिरिंजचं टोक पोचेना. दलदलीत रुतलेला मेंढा एकट्यानं ओढून काढणारा हा माणूस, आता बाटलीच्या बुडावर चापट्या मारत बसला.

"बाटलीच्या तोंडात भोकाचं बूच असतं ना? ते कुठंय?" मी विचारलं.

"आड येतं म्हणून सुरीनं उपटून फेकतो."

"चमच्यांच्या... खणात," रूबी म्हणाली.

खणात सात बुचं निघाली, स्वच्छ धुतलेली. "चांगली वस्तू... कोणी टाकतं का?"

सिरिंजमधलं पाच परत बाटलीत गेलं. वर बूच बसलं, बुचाच्या भोकात सिरिंज बसली आणि बाटली उलटी झाली. आता बाटली धरायची, सिरिंज धरायची आणि दट्ट्या सावकाश ओढायचा. मॅन्सीला दोन हात पुरेनात. मी पुढे झाले.

"तू नको," रूबी म्हणाली आणि डाव्या हातानं तिनं बाटली धरली.

"सुटेल गं! हे शेवटचंय!"

"बादल्या कोणी उचलल्या इतकी वर्षं? गप. आधी खाली... उतरू दे."

आम्ही थांबलो. काचेवरचं औषध सावकाश ओघळून बुचापाशी जमलं. तिचा हात जराही हलला नाही. मॅन्सीनं दट्ट्या ओढला. बुडबुडा आला, तो वर बाटलीत ढकलला, पुन्हा ओढलं. सहा. सात. मग थोडा फेस आणि बरोब्बर साडेसात.

रूबीनं औषध घेतलं आणि ओठ पुसले. मॅन्सी धपकन खुर्चीत बसला आणि माझ्यादेखत रडला. "मला वाटलं, तू जातेस."

"जात नाही मी. पण अशी पाहुणीसारखी बसवून ठेवलीस ना... तर कंटाळून जाईन." ती दमली होती, पण थांबली नाही. "सकाळी नवी बाटली मी धरणार."

मॅन्सी नाक शिंकरून म्हणाला, "आठला औषध असतं. सातला ऊठ, म्हणजे आधी मला चहा देशील."