लाल पट्टीची रांग

मी चौथीत असताना शिवाजी पेठेतल्या आमच्या शाळेत पोरांचं वाचन मोजायला सुरुवात झाली. बाईंच्या हातात कार्डं आली. त्यांवर आधी सुटी अक्षरं, मग शब्द, मग वाक्यं, उतारा आणि शेवटी गोष्ट. पोरगं जिथं अडेल ती त्याची पातळी. वर्गातल्या पेटीतल्या पुस्तकांनाही रंगीत पट्ट्या चिकटल्या. अक्षरवाल्यांना लाल, गोष्टवाल्यांना हिरवी. आपल्या रंगाचंच पुस्तक घ्यायचं.

मी तोतरी होते. वाचता केव्हापासूनच येत होतं, पण मनातल्या मनात. तोंड उघडलं की पहिलंच अक्षर घशात रुतून बसायचं. माझ्या कार्डावर सुरुवातीलाच 'क' होता. "क... क... क..." मागून कुणीतरी कोंबडीसारखा आवाज काढला आणि सगळा वर्ग हसत सुटला. बाईही हसल्या.

"बस खाली. लाल."

लाल रांग दाराशी, चपलांजवळ बसायची. तिथं 'अ अननसाचा' म्हणायचं, आणि मला तेही धड म्हणता यायचं नाही. एकदा मी गुपचूप हिरव्या पट्टीचं पुस्तक काढलं आणि संपवलंही. बाईंनी ते हातातून ओढून घेतलं.

"चित्रं बघतीस व्हय गं?"

मी नाही म्हणून मान हलवली, पाटी घेतली आणि गोष्ट लिहून दाखवली. एका म्हातारीची म्हैस शेजारी चोरतो आणि ती दावं तोडून आपली आपण घरी येते. बाईंनी ते शेवटपर्यंत वाचलं. मग फडक्यानं पुसून पाटी मला परत दिली. "लिहिलेलं ह्यात धरत न्हाईत. तोंडानं वाचायचं. आईला बोलवून आण."

आई एका खानावळीत भाकऱ्या थापायची. तिला अक्षरओळख नव्हती. आमच्या खोलीखालच्या सलूनमधला शिळा पेपर घेऊन मी घरात तास तास बसते, याचा तिला कोण अभिमान! ती पिठाच्या हातांनीच शाळेत आली.

"घरात पेपर वाचती की ती, बाई."

"मग वाचू दे की तुमच्यासमोर."

आईनं कार्ड माझ्यापुढं धरलं. उलटं धरलं होतं, पोरं हसली. मी ते सरळ केलं. "वाच गं, बाळ," ती म्हणाली. माझा जबडा थरथरला, थुंकी उडाली, शब्द काही आला नाही. आईचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"बोलताना अडतीस ते ठावं हाय, पर एक अक्षरबी न्हाई? म्हंजे नुसता पेपर धरून बसतीस व्हय? मला येत न्हाई म्हणून मला फशिवतीस?"

तिनं सगळ्या वर्गासमोर माझ्या मुस्काटात मारली. गालावर पीठ उठलं. बाई म्हणाल्या, "ह्येच आधी करायला पायजे होतं." त्या दिवसापासून सलूनमधला पेपर बंद झाला.

वर्षअखेरीला वाचन तपासायला साहेब येणार होते. शाळेत एकही लाल पोर दिसायला नको होतं. बाईंनी आमच्या रांगेला सकाळीच मागच्या मैदानावर दगड वेचायला पाठवलं आणि आमच्या नावांपुढं 'गोष्ट' लिहून टाकलं. साहेब चहा पिऊन, शाबासकी देऊन गेले. निकालाच्या दिवशी बाईंनी आईला सांगितलं, "बघा, लागली का न्हाई वाचायला?"

आईनं खानावळीत पेढे वाटले. "एक दिली आणि सुधारली बघा," ती प्रत्येकाला सांगत होती. मी शेजारी पेढ्यांचा पुडा धरून उभी होते. तिला खरं सांगायचं तर ते तोंडानंच सांगावं लागणार होतं.

दोन वर्षांनी माझी धाकटी बहीण कार्डापुढं उभी राहिली. तिला खरोखरच अक्षरं कळत नव्हती. 'म' आणि 'भ' तिच्या डोळ्यांपुढं जागा बदलायचे. बाईंनी लाल म्हटल्यावर आईनं काही विचारलं नाही. उपाय तिला ठाऊक होता. रोज संध्याकाळी चुलीपुढं बसवून ती तिला 'वाच' म्हणायची आणि अडली की मारायची. कधी हातानं, कधी उलथन्यानं. मी मधे पडायचे, "आ... आ..." करत. तोवर तिला दोन बसलेल्या असायच्या.

बहीण सातवीतून शाळा सोडून खानावळीतच कामाला लागली. तिला अजून वाचता येत नाही. आई म्हणते, "हिला मार कमी पडला."