शंभर टक्क्यांची शाळा

विश्रांतवाडीतल्या त्या शाळेच्या फाटकावर दरवर्षी फ्लेक्स लागायचा: दहावीचा निकाल शंभर टक्के. तो कसा लागतो, हे शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. नववीत कच्ची निघालेली मुलं शाळेतून काढायची आणि आईबापांना सांगायचं, सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून परीक्षा द्या. मग मूल नापास झालं तरी शाळेच्या निकालाला धक्का नाही. गणिताच्या शालनबाई गायकवाडांनीही काही पालकांना हे गोड बोलून पटवलं होतं.

निकिता कसबेच्या वेळी मात्र त्या अडून बसल्या. निकिता सकाळी आईबरोबर लोकांची धुणीभांडी उरकून शाळेत यायची. पहिला तास गणिताचा, तो बुडायचाच. तिच्या घरी एकदा जाऊन आल्यापासून बाईंना ते गोड बोलणं जमेना. मुख्याध्यापक सुदर्शन सरांनी विचारलं, एका मुलीपायी शाळेचं नाव घालवणार का?

"मुलं गाळून शंभर टक्के कोणीही आणेल, सर," बाई म्हणाल्या. "ही शाळेतूनच बसेल."

वर्षभर शाळा सुटल्यावर त्यांनी तिला शिकवलं. आणि मे महिन्यात निकिता गणितात नापास झाली. अख्ख्या शाळेत ती एकटीच. फ्लेक्स लागला नाही. सहकाऱ्यांनी बाईंचं अभिनंदन केलं. पुण्यात ते कसं करतात, हे वेगळं सांगायला नको. बाईंनी ते टोमणे मनावर घेतले नाहीत. पण आपल्या हट्टापायी पोरीची चारचौघांत शोभा झाली, हे त्यांना खात राहिलं.

जूनमध्ये पुरवणी परीक्षेचे तास सुरू झाले. निकिता येईल, याची बाईंना खात्री नव्हती. ती आली, आणि तिच्याबरोबर तिच्याहून जरा मोठी एक मुलगी आली. ती दाराबाहेरच थांबली.

"बाई, ही माझी मावसबहीण, जया. हीपण गणितात राहिलीय," निकिता म्हणाली. "पण नापास झाल्यावर जायला हिला शाळाच नाही. सतरा नंबरवाली आहे ना. बसू दे?"

बाईंनी जयाकडे निरखून पाहिलं. चेहरा ओळखीचा होता.

"नववीला मला तुम्हीच होतात, बाई," जया म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

"ये, बस," बाई म्हणाल्या. त्यांना मनापासून लाज वाटली. जयाच्या वडिलांना समजावायला त्यांना पाच मिनिटंही लागली नव्हती, आणि जाताना त्या भल्या माणसाने हात जोडून त्यांचे आभार मानले होते.