स्पितीच्या वाटेवर निफाड

मोटरसायकलस्वार ठिकाण निवडत नाही, ठिकाण त्याला बोलावून घेतं. हे वाक्य प्रतापरावांचं. दर हिवाळ्याच्या तोंडावर गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये ते उभे राहतात, डोळे मिटतात आणि हे म्हणतात. डोळे उघडेपर्यंत वेटरनेही ट्रे घेऊन हलायचं नसतं. मी बरीच वर्षं अशा मोटरसायकल क्लबांच्या ट्रिपा आखून देतो. त्याआधी यात्रा कंपनीच्या बसवर मॅनेजर होतो. मला आजवर एकाही ठिकाणाचा फोन आलेला नाही. प्रतापरावांचे मात्र येतात.

त्या वर्षी त्यांना स्पितीने बोलावलं होतं. जानेवारीत.

"सोनवणे, हिमाचल. स्पिती. विंटर एक्स्पिडिशन," ते मला म्हणाले. "नोट करून घ्या."

"जानेवारीत का?"

"उन्हाळ्यात कोणीही जातं हो. पुण्याचेसुद्धा जाऊन आले."

प्रतापराव क्लबचे अध्यक्ष. सातपूरला त्यांचा टोमॅटोचे क्रेट बनवायचा कारखाना आहे. शेजारी सेक्रेटरी बसले होते, डॉक्टर निकम, हाडांचे. दोघांकडे मिळून जेवढ्या गाड्या आहेत तेवढ्या काही गावांत नसतील. ट्रिप कुठे न्यायची हे ठरवण्याच्या यांच्या कसोट्या मला पाठ आहेत. नाव सांगितल्यावर समोरच्याने "बापरे" म्हटलं पाहिजे. फोटोत मागे काहीतरी पांढरं किंवा फार उंच दिसलं पाहिजे. आणि पुण्याचे तिथे गेलेले नसावेत.

आमच्या धंद्यात उलट चालतं. ठिकाण आम्ही सगळ्यांत शेवटी बघतो. आधी संध्याकाळ बघायची. हिवाळ्यात लवकर अंधारतं आणि तेव्हाच उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. एका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर, आणि बाहेर आलेला ऊस. त्यामुळे उजेड आहे तोवर मुक्कामाला पोचता येईल एवढंच अंतर धरायचं. मग सकाळचं धुकं किती वाजता उठतं ते बघायचं. मग पंक्चरवाला, पेट्रोल, संडास. एवढं सगळं जिथे जमतं, त्या जागेला आम्ही डेस्टिनेशन म्हणतो.

हे मी त्यांना सांगितलं. बर्फाचंही सांगितलं. तिकडे रस्त्यावर पाणी झिरपतं आणि रात्री गोठतं. काचेसारखा पातळ थर, खालचं डांबर जसंच्या तसं दिसतं. चारचाकी त्यावर घसरते. दुचाकी थेट आडवीच होते. शिवाय बर्फ वाढला की रस्ता बंदच करतात.

"सोनवणे, तुम्ही अजून यात्रा कंपनीतून बाहेर आला नाहीत," प्रतापराव म्हणाले. हॉल हसला.

हसली नाही ती एकच बाई, मंगलाताई. पंचवटीत राहतात, बँकेतून रिटायर झालेल्या. क्लब सुरू झाला तेव्हापासूनच्या मेंबर. त्यांची गाडी दीडशे सीसीची, बुटकी. दोन्ही गुडघे संपलेले. फेब्रुवारीत ऑपरेशन ठरलेलं, आणि ते करणार होते डॉक्टर निकमच. ऑपरेशननंतर गाडीचं नाव काढायचं नाही, पुढचं पुढे बघू, असं त्यांनी ताईंना बजावलं होतं. म्हणजे गाडी चालवत करायची ही खात्रीची शेवटची ट्रिप.

"प्रतापराव, स्पितीने तुम्हाला बोलावलंय," ताई म्हणाल्या. "मला काही आमंत्रण नाही आलं."

"ताई, यंदा तुम्ही आराम करा," डॉक्टर म्हणाले. "आम्ही रोज फोटो पाठवू ना."

"फोटो मी पुढे वर्षभर पलंगावर पडून बघणारच आहे हो डॉक्टर. यंदा मला गाडी चालवायचीये. गाडीच्या मागे बसूनसुद्धा नाही. चालवायचीये."

"मग तुमच्यासाठी सापुतारा वगैरे करू की वेगळं. छोटंसं."

"सापुताऱ्याला मी भजी खायला जाते," ताई म्हणाल्या.

ठराव मंजूर झाला. स्पिती. टाळ्या.

मी एकच अट घातली. शेकडाउन राइड झाल्याशिवाय मी हे काम घेणार नाही. शेकडाउन राइड म्हणजे रंगीत तालीम. जी गाडी, जे कपडे, जे सामान घेऊन लांब जायचं, ते सगळं घालून आधी घराजवळ एक फेरी मारायची. काय ढिलं आहे, काय टोचतं, ते घराजवळच कळलेलं बरं.

"कुठे करायची?" डॉक्टरांनी विचारलं.

"निफाडला. पहाटे."

आता हॉल मनापासून हसला. नाशिकच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. निफाड आमचा शेजारचा तालुका. द्राक्षं, कांदा, ऊस. दर हिवाळ्यात कधीतरी तिथला पारा असा उतरतो की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. आम्ही नाशिककर ती चहा पिताना वाचतो, "निफाड गारठलं" असं घरात मोठ्याने सांगतो आणि पान उलटतो. त्या वेळी तिथे जायचं कोणाच्या डोक्यात येत नाही.

"निफाडला लोक द्राक्षं आणायला जातात, सोनवणे," प्रतापराव म्हणाले.

"मी येणार," ताई म्हणाल्या.

"ताई, पण तुम्ही स्पितीला..."

"मी निफाडला येणार म्हणतेय. शेकडाउनला मेंबरने येऊ नये असं घटनेत लिहिलंय का?"

लिहिलेलं नव्हतं.

थंडीची लाट आल्याची बातमी वाचून मी दिवस ठरवला. पहाटे नांदूर नाक्यावर जमलो. मंडळी अंतराळात निघाल्यासारखी आली होती. प्रतापरावांचं जॅकेट परदेशातून मागवलेलं. ते इतकं घट्ट बसलं होतं की मला तेव्हाच शंका आली, पण पहाटे अध्यक्षांच्या जॅकेटवर बोलायची आमच्यात पद्धत नाही. मंगलाताई माकडटोपी घालून आल्या होत्या, तिच्यावर हेल्मेट. पोट आणि छाती चौकोनी दिसत होती.

"हे काय ताई?" डॉक्टर म्हणाले.

"पेपर. स्वेटरच्या आत. वारा लागत नाही."

"तुम्ही पण ना," डॉक्टर म्हणाले आणि आपल्या बॅटरीवर तापणाऱ्या ग्लोव्हजचं बटण दाबलं.

एक गोष्ट आधी समजून घ्या. अंगणात उभं राहून जी थंडी वाजते ती वेगळी आणि गाडीवर बसून साठच्या वेगाने अंगावर घेतलेली वेगळी. वारा अंगातली ऊब ओढून नेतो. पहिल्यांदा बोटं जातात. बोटं गेली की क्लच आणि ब्रेक गेले, म्हणजे मोटरसायकल चालवण्यातलं जवळपास सगळंच गेलं.

मी स्वीप होतो. स्वीप म्हणजे सगळ्यांत मागचा रायडर, जो पडलेल्यांना, थांबलेल्यांना गोळा करत येतो. चांदोरीपर्यंत मी मंगलाताईंच्या मागे होतो. त्या सावकाश, एका चालीने चालल्या होत्या. चांदोरी सोडली आणि नदीकडचं धुकं लागलं. पुढे कोणाचातरी डावा इंडिकेटर चालू दिसला. तो चालूच राहिला, पण गाडी काही वळेना. थोड्या वेळाने ती रस्त्याच्या कडेला थांबली. प्रतापराव होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. व्ह्यू बघतोय."

धुक्यात समोरचा विजेचा खांब दिसत नव्हता. त्यांचा हात क्लचवर तसाच आवळलेला होता. मी बोटं एकेक करून सोडवली. तेवढ्यात त्यांना शेतात जाळ दिसला आणि ते गाडी तिथेच टाकून त्या दिशेने चालायला लागले. पुढे गेलेले डॉक्टर आणि बाकीचे आधीच तिथे पोचले होते. एक्स्पिडिशनची सगळी टीम शेकोटीभोवती उभी होती. ग्लोव्हजची बॅटरी वाटेतच संपली होती. डॉक्टरांचे हात काखेत होते.

शेकोटी माणसांसाठी नव्हती. फार थंडी पडली की द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून बागायतदार पहाटे बागेत जागोजागी जाळ करतात. धूर आणि ऊब बागेत पसरली पाहिजे. बागेचा मालक लाकडं घेऊन आला आणि हे बघून थबकला.

"ओ साहेब, सरका ना जरा. धूर बागेत जाऊ द्या. तुम्ही सगळा आडवून राह्यले."

मंडळी इंचभर सरकली.

"कुठं निघाले एवढं घालून?"

"स्पितीला," डॉक्टर म्हणाले. दात वाजत असल्यामुळे ते दोनदा सांगावं लागलं.

"ते कुठं आलं? येवल्याच्या पुढं का?"

"हिमाचल प्रदेशात."

त्याने हातातली दोन लाकडं जाळात सरकवली. "मंग आज नाय पोचत तुम्ही," तो म्हणाला आणि पुढच्या जाळाकडे गेला.

तोवर मंगलाताई आल्या. गाडी उभी केली, पण उतरता येईना. गुडघा थंडीने असा आखडला होता की पाय खाली टेकत नव्हता. मी आणि आणखी एकाने गाडी धरली, ताईंना उचलूनच खाली घेतलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले होते. डॉक्टर धावत आले आणि खाली बसून गुडघा बघायला लागले. ताईंच्या ट्रिपचं आता काही खरं नाही, असं मला वाटलं. ताईंनाही तेच वाटलं असावं. स्पिती गेलीच होती. आता डॉक्टर सापुताऱ्यालाही नाही म्हणणार.

शेकत बसल्यावर ताईंचं लक्ष प्रतापरावांकडे गेलं. ते अजून थरथरत होते.

"प्रतापराव, एवढं महागाचं जॅकेट. आतलं अस्तर कुठंय त्याचं?"

"लायनर? घरी."

"का?"

"तो घातला की फोटोत पोट दिसतं."

कोणी हसलं नाही. हसायला लागणारे स्नायू गोठले होते. ताईंनी स्वेटरमधून पेपरची दोन पानं काढली आणि पुढे केली. "घ्या. कालचाय, वाचून झालाय." हिवाळी मोहिमेच्या अध्यक्षांनी ती निमूटपणे छातीवर लावली आणि चेन ओढून घेतली.

स्पितीचं नाव आता कोणीतरी काढायला हवं होतं आणि कोणालाच काढायचं नव्हतं. प्रतापरावांची नजर जाळावरून फिरत फिरत ताईंच्या गुडघ्यावर येऊन थांबली. कारखाना चालवणाऱ्या माणसाला वाट दिसायला वेळ लागत नाही.

"डॉक्टर," ते म्हणाले, "हा गुडघा बघून मला राहवत नाहीये. ताईंना मागे ठेवून आपण स्पितीला जायचं? क्लब म्हणजे कुटुंब असतं."

"मेडिकली मी परवानगीच देऊ शकत नाही," डॉक्टर लगेच म्हणाले.

"कोणाला? मला तुम्ही नेणारच नव्हतात," ताई म्हणाल्या.

"तेच चुकलं आमचं. आता सगळे एकत्र जाऊ. कुठेतरी जरा..." प्रतापरावांनी शब्द शोधला, "...ऊबदार."

"म्हणजे स्पिती माझ्या गुडघ्यापायी रद्द."

"त्याग म्हणा, ताई."

"म्हणते की. चारचौघांतही म्हणते, काही हरकत नाही. पण गुडघा माझाय. तो वापरायचा तर ठिकाण मी ठरवणार. आणि गाडी मी चालवणार. डॉक्टर?"

डॉक्टरांनी प्रतापरावांकडे बघितलं. प्रतापरावांनी जाळाकडे.

"सपाट रस्ता असेल तर," डॉक्टर म्हणाले. "आणि सकाळी ऊन पडल्यावर निघायचं."

"सोनवणे, सांगा आता," ताई माझ्याकडे वळल्या. "ऊबदार, बहुतेक सपाट, आणि अंधाराच्या आत पोचवणारं."

मी दीव सांगितलं. आदल्या वर्षी त्या रस्त्याची रेकी केली होती. रेकी म्हणजे लोकांना नेण्याआधी आपण स्वतः जाऊन खड्डे मोजून येणं. सापुताऱ्याचा घाट उतरला की पुढे गुजरातभर सरळ रस्ता, आणि शेवटी समुद्र. पुढच्या मीटिंगमध्ये ठराव एकमताने झाला. गुजरातला दारूबंदी आहे आणि दीवला नाही, हेही त्या एकमताचं एक कारण होतं, पण ते इतिवृत्तात आलं नाही. इतिवृत्तात गुडघा आला. प्रतापरावांनी डोळे मिटून, एका भगिनीसाठी हिमालय सोडल्याचं सांगितलं. ताईंनी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, गहिवरल्या.

जानेवारीत आम्ही रोज थोडं थोडं अंतर कापत दीवला गेलो. मंगलाताईंनी सगळा रस्ता स्वतः गाडी चालवली. उतरताना पाय टेकायला बॅकअप व्हॅनमध्ये त्यांचा न्हाणीघरातला पाट ठेवला होता. थांबलो की तो आधी उतरायचा, मग ताई. किनाऱ्यावर प्रतापराव माणूस आणि निसर्ग यांच्या नात्याबद्दल बोलत होते तेव्हा ताई सलवार गुडघ्यापर्यंत सरकवून पाण्यात उभ्या होत्या.

"काय म्हणतोय गुडघा?" मी विचारलं.

"दुखतोय," त्या म्हणाल्या. "पण इथे दुखतोय."

धंद्यापुरता यातून मी एवढंच घेतलं: हिवाळी ट्रिपचं ठिकाण संध्याकाळी हॉलमध्ये ठरवू देऊ नये, पहाटे शेतात ठरवावं. ठराव फार लवकर होतात.

ऑपरेशन फेब्रुवारीत झालं, चांगलं झालं. ताई आता काठीशिवाय चालतात. गाडीची परवानगी अजून मिळालेली नाही, पण दर तपासणीला त्या ती मागतात. परवा मीही बरोबर गेलो होतो. डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये नवीन फोटो लागलाय, मोठा, फ्रेम केलेला. डॉक्टर आणि प्रतापराव पूर्ण गिअरमध्ये, दूर कुठेतरी बघताहेत, मागे सगळं पांढरं. खाली लिहिलंय, "हिमालयाच्या वाटेवर". पेशंट उठून जवळ जातात आणि "बापरे" म्हणतात. उजव्या कोपऱ्यात द्राक्षाचा एक घड आहे.