छताखालचा दीड सेकंद

दीड सेकंदासाठी एका मुलीचं वर्ष वाया घालवणाऱ्या माणसाला तुम्ही काय म्हणाल? आमचे पाळीवरचे सर त्याला ‘आळशी’ म्हणत. त्यांच्याकडे याहून मोठी शिवी नव्हती.

चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, ते आम्हा मुलींकडून पळण्याचा सराव करून घेत, म्हणून पाळीवरचे सर. शाळेतून निवृत्त झालेले, पायात कायम रबरी चप्पल. “सर, आज माझी वेळ भारी आली,” असं कोणी म्हटलं, तर ते आकडा ऐकायच्या आधी विचारत, “कोठी पळली? वारा कोणीकडून होता?”

धानाच्या रोवणीच्या दिवसांत ते कुणाचीच वेळ घेत नसत. दिवसभर चिखलात वाकलेल्या कमरेला संध्याकाळी घड्याळ दाखवणं त्यांना अपमान वाटे. कापणीनंतर लांब पळणं, थंडीत ताकद, आणि वेग एप्रिलसाठी राखून ठेवलेला. मी एकदा घाई केली, तर म्हणाले, “निसवाच्या आंधी धान कापशीन त का भेटन? तनीस.” लोंबी बाहेर पडायच्या आधी कापलं, तर हाती नुसता पेंढा.

छाया आमच्यात सगळ्यांत वेगवान. चारशे मीटर पळायची. जानेवारीत तिला परराज्यातल्या, छताखाली होणाऱ्या एका स्पर्धेचं बोलावणं आलं. तिथला ट्रॅक दोनशे मीटरचा, म्हणजे दोन फेऱ्या आणि दोनऐवजी चार वळणं, तीही आखूड. सरांनी तिला फक्त अनुभव म्हणून पाठवलं. उघड्या मैदानापेक्षा ती दीड सेकंद हळू पळाली, आणि सर खूश. “तेवढा त वळणानं खाल्ला. थंडीत एवढं बहुत झालं, बाई.”

फेब्रुवारीत क्रीडा कार्यालयात राज्याच्या प्रशिक्षण शिबिराच्या निवडीची यादी लागली. आमच्या मैदानावरच्या वेळा हातातल्या घड्याळाच्या, म्हणून बाद. यंत्रानं नोंदवलेली छायाची एकच वेळ होती, ती छताखालची. ती इतर मुलींच्या गेल्या मे महिन्यातल्या, उघड्या मैदानावरच्या वेळांशेजारी ठेवली गेली. छाया एका जागेनं बाहेर.

सर छायाला आणि मला घेऊन त्या कार्यालयातल्या साहेबांकडे गेले. “साहेब, ह्या दोन वेळा बराबर कायले धरता? एप्रिलात मैदानावर पळवून पाहा न तिले.”

साहेबांनी फाईलमधून मानही वर केली नाही. “मास्टरजी, सेकंद तो सेकंद होता है.”

“मंग तुमी सपाटीवरच्या सेकंदात डोंगर चढून दाखवा, साहेब.”

बाहेर आल्यावर मात्र सर छायाला हळूच म्हणाले, “चूक माहीच हाय. तुले थंडीत पाठवाले नाई पायजे होतं.”

मला अजूनही जाळतं ते हे. आळस कार्यालयाचा, आणि माफी मागितली पाळीवरच्या म्हाताऱ्यानं.

एप्रिलमध्ये छाया गोंदियाच्या मैदानावर पळाली. शिबिरात शेवटच्या जागेवर निवडलेल्या मुलीला मागे टाकणारी वेळ. साक्षीला आम्ही तिघी आणि सर. कार्यालयातल्या कुणीही ती लिहून घेतली नाही. पुढच्या वर्षी तिचा वयोगट संपला. आता ती फुलचूरला एका दुकानात कपड्यांच्या घड्या घालते.

गेल्या पावसाळ्यात सर वारले. कार्यालयानं त्यांच्या फोटोला हार घातला आणि त्याच आठवड्यात नवी यादी लावली. नाव, वेळ. दोनच रकाने.

तुमच्या गावच्या मुलीचं नाव अशा यादीत असेल किंवा नसेल, भिंतीवरच्या यादीचा नुसता फोटो काढून घरी जाऊ नका. आत जा. कोणता ट्रॅक आणि कोणता महिना, हे दोन रकाने लेखी अर्जानं मागा, आणि अर्जाची पोच हातात पडेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.