जेवल्यावर घ्यायची गोळी

मी हे लिहावं का, याची मला अजून शंका आहे, म्हणून आधीच माफी मागून ठेवतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजला गेलेलं नाही. लिहिणं म्हणजे सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर सही करणं, एवढंच आमच्याकडे माहीत. मी सांगलीला फार्मसी शिकतो. औंधजवळच्या आमच्या गावात मला पहिल्या वर्षापासून ‘डागदर’ म्हणतात, आणि मीही कधी कुणाला दुरुस्त केलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात आईच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला. घरात आम्ही त्याला नळी म्हणतो. साताऱ्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, की रक्त पातळ ठेवणारी गोळी एक दिवसही चुकवायची नाही. चुकली तर गुठळी होऊन नळी बंद पडू शकते. हे आईपेक्षा मीच जास्त मनावर घेतलं. तिच्या मोबाइलवर गजर लावून दिला. गजर वाजला की ती फोन कानाला लावायची, कोण बोलतंय म्हणून विचारायची आणि पलीकडचा मुका आहे असं ठरवून ठेवून द्यायची. मग मी भिंतीवर गोळ्यांचा तक्ता चिकटवला. त्यावर वडील डेअरीला घातलेलं दूध लिहायला लागले.

एवढं झाल्यावर मी कॉलेजात प्रकल्पाला विषयही तोच घेतला: हृदयाचे रुग्ण औषधं नियमित का घेत नाहीत. प्रश्न इंटरनेटवरून उतरवून मराठीत केले. विसरता का, परवडत नाही का, बरं वाटलं की बंद करता का. सराव म्हणून पहिली मुलाखत आईची घेतली. ती भाकऱ्या थापत होती, मी पाटावर पेन घेऊन बसलो होतो. गोळी कधी चुकते का, या प्रश्नावर ती ठामपणे न्हाई म्हणाली. तिचं उदाहरण सरांना दाखवावं, म्हणून तिची फाइल आणि अँजिओग्राफीची सीडी मी अभिमानाने सांगलीला घेऊन गेलो.

नवरात्र संपत आलं तेव्हा मी घरी आलो. त्याच सकाळी आई यमाईच्या डोंगरावर गेली होती आणि अर्ध्या पायऱ्यांवर बसून राहिली होती. छाती जड झाली होती म्हणे. ती म्हणाली, उपासानं होतंय. मी तज्ज्ञाचा आवाज काढला.

“आजची गोळी घेतलीस?”

“उपास हाय की.”

“मग?”

“जेवल्यावर घ्या म्हणून सांगितलंय. घट बसल्यापास्नं मी जेवलीच न्हाई, तर कशी घिऊ?”

“अगं, रोज खिचडी खातेस ना?”

तिनं माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. “खिचडी फराळाची. त्याला जेवण म्हणत्यात व्हय रं? सांगलीला शिकवत्यात तरी काय तुला?”

तिनं मला खोटं काहीच सांगितलं नव्हतं. जेवण नाही त्या दिवशी गोळी लागूच होत नाही, मग चुकणार कुठून? लहानपणापासून तिच्याच हातची ती खिचडी मी खाल्ली. राजगिऱ्याचा लाडू हातात धरून ‘आज मी जेवत न्हाई’ म्हणताना तिला किती वेळा ऐकलं. पण माझ्या प्रश्नांत उपास नव्हताच, कारण ज्यांनी ते प्रश्न काढले त्यांच्या घरी घट बसत नसावेत.

शेजाऱ्यांच्या जीपमधून तिला साताऱ्याला नेलं. डॉक्टरांनी ईसीजी काढला, तिला दाखल करून घेतलं. नळी उघडी आहे की बंद, ते उद्या सकाळी अँजिओग्राफी करून पाहू म्हणाले, आणि जुनी सीडी मागितली. ती सांगलीला माझ्या वसतिगृहाच्या खोलीत होती. फौजेतून निवृत्त झालेले माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, कधी फार बोलत नाहीत.

“बोला डागदर,” ते म्हणाले, “कुठं हाय शीडी?”

मी सीडी आणायला निघालो तेव्हा डॉक्टर आईला सांगत होते, की फराळ झाल्यावर गोळी घेतली तरी चालते, देवी रागवत नाही. आई म्हणाली, हे आधी सांगितलं असतं तर घेतली असती, आमचं पोरगं नुसतं तक्तं लावतंय.

सांगलीला वसतिगृहावर मुक्काम झाला. सकाळी परतीच्या एसटीत सीडी टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरली होती. आत आई नाही हे कळत होतं, तरी खड्डा आला की मी ती उचलून धरायचो. वडिलांचा फोन यायचा आणि आवाज येण्याआधीच तुटायचा. मी लावला की लागायचा नाही. प्रत्येक वेळी मला वाटायचं, वाईट बातमी सांगवत नाही म्हणून तेच तोडतायत. आष्ट्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा कुठं नीट लागला.

“कुठवर आलास?”

“आष्ट्याला. आई कशी हाय?”

“ती विचारतीय, फराळावर गोळी घेतली तर उपास मोडला का धरायचा, ते तुझ्या पुस्तकात बघून सांग.”

“दादा, नळीचं काय झालं?”

“शीडीबिगरच बघितलं त्यांनी. सावकाश ये. उघडी हाय नळी.”